दहा किलोखालचं

विट्याच्या वरल्या अंगाला, माळावर,
बंद कारखान्याचा काटा अजून चालतो.
बावीस हंगाम मी त्याच खिडकीत बसलो.
आता वर्षातले चार रविवार
उसाऐवजी गाड्या येतात.

बैलाचं सोपं असतं.
ओठ उचलायचा, दात बघायचे:
आदत, दुस्सा, चौसा.
मालक खोटं बोलला तरी
दात बोलत नाहीत.
गाडीचा ओठ कुठनं उचलायचा?

इलाही तांबोळी म्हणतो, बॉनेटपासून सुरू करू.
कानामागं पेन्सिल, खिशात शिशाची सीलं.
आठशे सीसीचा गट, हजाराचा, बाराशेचा.
पहिल्या वर्षी सगळे कसे साधे होते:
मागची सीट काढली की झाली रेसची गाडी.
दुसऱ्या वर्षी एकानं काच काढून प्लास्टिक लावलं,
एकानं दारातलं लोखंड खरवडलं आतून,
आणि भिलवडीच्या एका शहाण्यानं
स्टेपनीच्या जागी पाण्याचा कॅन भरून वजन दिलं
आणि पहिल्याच वळणावर तोटी सोडली.
धुळीत ओली रेघ उमटली लांबच लांब.
रेघेनंच चहाडी केली.

तेव्हापासून गाडी दोनदा काट्यावर येते,
सुटायच्या आधी, आणि आल्या आल्या,
इंजिन गरम असतानाच.
मला हे नवीन नाही.
भरलेली ट्रॉली, मग रिकामी.
मधल्या फरकात
माणसाचं वर्ष असतं.

(त्या फरकातून ट्रॉलीमागं दोन क्विंटल
कुठं जायचे, मला माहीत होतं.
वरून सांगितलेलं असायचं.
मी पावती फाडायचो. खाली बघून.)

यंदा आठशेच्या गटात
पलूसची अर्पिता लाड लागोपाठ तीनदा पहिली.
डेअरीत दुधाचं फॅट लावते ती,
गाडी तिच्या मामाची, पांढरी, अठ्ठ्याण्णवची.
लोक म्हणाले, इंजिनात काहीतरी हाय.
इलाहीनं हेड उतरवलं, बोअर मोजला.
पिस्टन कंपनीचे, स्प्रिंगा कंपनीच्या,
कार्बोरेटर तर आमच्यापेक्षा थकलेला.
लोक म्हणाले, मग तिला हजारात टाका.
लोक म्हणाले, तीच जिंकणार असंल
तर आम्ही डिझेल जाळत कशाला यायचं खानापूरहून?

त्यातही खोटं काही नव्हतं.
एका गटात एकच जिंकत राहिलं
की उरलेले आधी कंटाळतात,
मग घरी बसतात,
मग माळ पुन्हा नुसता माळ होतो.

म्हणून नियम केला: जो जिंकेल
त्यानं पुढच्या वेळी तीस किलो वाळू न्यायची.
गोणी शिवली, सील ठोकलं, सही घेतली.
तिनं सही केली. पेन परत देताना म्हणाली,
काका, म्हशीचं फॅट चांगलं लागलं
म्हणून मी दुधात पाणी घालू का?

मी म्हणालो, लाईन मोठी आहे, गाडी पुढं घे.

त्या दिवशी ती दुसरी आली.
बंपरभर अंतर. शेवटच्या वळणापर्यंत
सात गाड्या एका रुमालाखाली झाकाव्यात अशा.
असली शर्यत ह्या माळानं बघितली नव्हती.
कठड्यावरची पोरं घसा बसेस्तोवर ओरडली,
इलाही पण ओरडला.
मी नाही ओरडलो. मी गोणी उतरवत होतो.
गोणी उतरवून तिनं गाडीकडं बघितलं,
आणि हसली, का ते मला कळलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी एकटा काट्यावर उभा राहिलो.
खिडकीतनं आकडा वाचला: साठ.
एक पाय हवेत धरला: साठ.
चष्मा, किल्ल्या, चपला काढून ठेवल्या: साठ.
हा काटा दहाच्या पटीत बोलतो.
दहा किलोखालचं
त्याला कधीच दिसलेलं नाही.

बावीस वर्षं हे मला माहीत होतं,
आणि पावतीवर मी लिहायचो:
वजन बरोबर.

पुढच्या रविवारी खडूनं फळीवर
खाली एक ओळ वाढवीन म्हणतो.
काय लिहायचं ते अजून ठरत नाही.
इलाहीला विचारलं तर म्हणाला,
आधी काटा पुसून घे, चिखल लागलाय.